एका गाडीची दोन डावी मडगार्डे

इसवी सन एकोणीसशे सत्तावन्न, ऑक्टोबर महिन्याची चौदावी तारीख, सोमवार, सकाळचे साडेआठ. स्थळ इंग्लंडातील वूस्टरशर परगण्याचे ॲशकोम्ब गाव, पॉलफ्री मोटार कंपनीचा कारखाना, पत्रेकामाचा विभाग. या दिवशी, या स्थळी, मुकादम इनॉक ट्रँटर याच्या असे लक्षात आले की, आपल्या हाताखालच्या दोन सर्वोत्तम कारागिरांनी एकाच गाडीसाठी दोन डावी मडगार्डे घडवली आहेत.

मडगार्डे अप्रतिम होती, हे आधी नोंदवले पाहिजे. पुढच्या दिव्यापासून निघून, चाकावरून उसळी घेऊन, दाराशी येऊन विसावणारा तो ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून घडवायला एका माणसाला सहा दिवस लागत. एमॉस हॅकेटचे मडगार्ड गाडीच्या डाव्या अंगाला लावले, तेव्हा ते बोटात अंगठी बसावी तसे बसले. मग क्लेम ओक्ली पुढे झाला आणि त्याने आपल्या मडगार्डावरची चादर अंतरपाट दूर सारावा अशा थाटात बाजूला केली. विभागातल्या चौतीस माणसांनी ते मडगार्ड पाहिले, मग गाडीवर बसलेले पाहिले, मग पुन्हा हे पाहिले. कुणीतरी हातातला चहाचा मग सावकाश खाली ठेवला.

"क्लेम," इनॉक हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"मडगार्ड आहे, गॅफर." तिकडच्या कारखान्यांत मुकादमाला गॅफर म्हणतात.

"ते दिसतंय मला. कुठल्या बाजूचं?"

"पलीकडच्या. तुम्हीच तर चिठ्ठीवर लिहून दिलंत."

"आणि पलीकडची बाजू कुठली?"

क्लेमने अगदी शांतपणे गाडीच्या डाव्या अंगाकडे बोट केले. तिथे एमॉसचे मडगार्ड आधीच चकाकत होते.

इनॉकने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिले. फळ्यावर गेला महिनाभर एक कागद टाचलेला होता, आणि त्यातला शब्दन् शब्द त्याला पाठ होता. कंपनीचे नवे मालक लिओनर्ड गॉसेज यांनी त्यावर लिहिले होते की, लंडनच्या मोटार-प्रदर्शनात बुधवारी सकाळी दहा वाजता अमेरिकेसाठी बांधलेली नवी गाडी आपल्या जागी हजर असावी. नसल्यास पत्रेकामाचा विभाग बंद करण्यात येईल आणि यापुढे सारे पत्रे बर्मिंगहॅमहून यंत्राखाली दाबून आणवले जातील. इनॉक या विभागात एकतीस वर्षे होता. त्या एकतीस वर्षांच्या ठोकाठोकीने त्याचा एक कान पार बहिरा झाला होता, आणि लोक सैन्यातले पदक मिरवतात तसा तो हा कान मिरवत असे. आता बर्मिंगहॅमचे यंत्र आले, तर हा कान फुकटच गेला असे होणार होते.

असा घोटाळा मूर्खांच्या हातून होतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो प्रघात चुकीचा आहे. मूर्ख माणसे डावे आणि उजवे एवढेच ओळखतात, आणि म्हणून या बाबतीत ती कधी चुकत नाहीत. हा घोटाळा व्हायला इतिहास लागतो, आणि पॉलफ्री कंपनीपाशी तो भरपूर होता.

जोसाया पॉलफ्री हे मुळात घोडागाड्या बांधणारे गृहस्थ. पन्नास वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी त्यांनी स्वतःच्याच बग्गीत इंजिन बसवले, आणि गावच्या टेकडीवरून खाली येताना घोड्याला ओरडतात तसे तिला "थांब, राणी, थांब" असे ओरडत ती तळ्यात घातली. तळ्यातून बाहेर येताच त्यांनी कंपनी काढली. पुढे ती तीनदा बुडाली आणि तीनही वेळा वर आली. एकदा तिला एका ऑपेरातल्या गवयाने विकत घेतले. त्याला गाडीच्या भोंग्याचा सूर पटेना म्हणून त्याने सारे भोंगे बदलले आणि मग तो दिवाळखोर झाला. एकदा ती एका मद्याच्या व्यापाऱ्याकडे गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिने फ्रान्समधली एक मोठी शर्यत जिंकली, आणि तीही दार दोरीने बांधून, कारण अर्ध्या वाटेत कुलूप गळून पडले होते. आता ती कस्टर्ड पावडर करणाऱ्या गॉसेजसाहेबांच्या हाती आली होती. मालक आले आणि गेले. तबेला मात्र गेला नाही. या कारखान्यात आजही इंजिनाच्या विभागाला तबेला म्हणत, गादीकामाला खोगीर घालणे म्हणत आणि नवी गाडी रस्त्यावर तपासून आणण्याला पाण्यावर नेणे म्हणत.

घोड्यावर माणूस डावीकडून चढतो. म्हणून घोड्याची डावी बाजू ती अलीकडची आणि उजवी ती पलीकडची. सारे इंग्लंड मोटारीविषयीही असेच बोलते. पण पॉलफ्रीच्या कारखान्यात डावे-उजवे म्हणणे हे देवळात जोडे घालून जाण्यासारखे मानले जाई. इनॉकने एकतीस वर्षे कामाच्या चिठ्ठ्यांवर अलीकडचे आणि पलीकडचे असेच लिहिले होते. या खेपेलाही त्याने लिहिले: हॅकेट, अलीकडचे, ओक्ली, पलीकडचे. मात्र या खेपेला गाडी अमेरिकेची होती. कंपनीच्या पन्नास वर्षांत प्रथमच स्टिअरिंग डावीकडे आले होते.

"आता मला सांगा, गॅफर," क्लेमने सुरुवात केली. क्लेम कारखान्याच्या क्रिकेट संघाचा सलामीचा फलंदाज होता, आणि डावखुरा. त्या मुलखात गाडीच्या पलीकडच्या बाजूला आणि क्रिकेटमधल्या ऑफच्या बाजूला शब्द एकच आहे. "मी बॅटिंगला आलो की ऑफची बाजू कुठं जाते?"

"दुसरीकडे जाते."

"का जाते?"

"तू डावखुरा म्हणून."

"झालं तर! ही गाडी डावखुरी आहे. स्टिअरिंग इकडं आलं, की पलीकडची बाजूही इकडं आली. अहो, पोरासोरांना कळतं हे. मैदानावर सगळे क्षेत्ररक्षक चालत इकडून तिकडं जातात ते काय फिरायला?"

या युक्तिवादात कुठेतरी भोक असणार याची इनॉकला खात्री होती, पण ते सापडेना.

एमॉस हॅकेट साठीला टेकलेला, कोळशाच्या गाडीवानाचा मुलगा. चेहराही घोड्यासारखाच लांब. तो क्लेमपासून चार हातांवर उभा होता. तरी तो इनॉकलाच म्हणाला, "गॅफर, त्या फलंदाजाला विचारा, घोडा कधी डावखुरा असतो का?"

"गॅफर, त्या अंपायरला सांगा, या गाडीला घोडा जुंपलेला मला तरी दिसत नाही. त्यांना काय, काहीही दिसतं."

हे शेवटचे वाक्य समजण्यासाठी ऑगस्ट महिन्यात जावे लागेल. फार वेळ लागणार नाही. शेजारच्या गावाविरुद्धच्या सामन्यात क्लेम शहाण्णव धावांवर खेळत होता आणि एमॉस अंपायर होता. चेंडू क्लेमच्या पायावर आदळला. एमॉसने क्षणभर विचार केला आणि बोट वर केले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते. ज्या लाकडी साच्यावर पत्रा लावून पाहायचा, त्या साच्यापाशीही एमॉस सकाळी जाई आणि क्लेम दुपारी. म्हणून दोघेही सहा दिवस त्याच साच्याच्या त्याच डाव्या अंगावर पत्रा घासत राहिले आणि कुणाची कुणाशी गाठ पडली नाही.

नऊ वाजेपर्यंत कारखान्यात दोन पक्ष पडले. पत्रेवाले, सुतार आणि गादीवाले एमॉसच्या घोड्यामागे. इंजिनवाले, रंगारी आणि झाडून सारा क्रिकेट संघ क्लेमच्या बॅटीमागे. वादात तर्कशास्त्राचे सारे प्रकार हाताळून झाले. एका रंगाऱ्याने विचारले की, घोडा मागे चालू लागला तर काय. एका सुताराने उत्तर दिले की, फलंदाज उलटा उभा राहिला तर जे होईल तेच. कुणीतरी एका स्टुलावर पालथा पडून घोडा झाला. दुसरा झाडू घेऊन त्याच्यासमोर डावखुरा उभा राहिला. आणि घोड्याने फलंदाजाला पायचीत दिले. हसण्याने खिडक्यांच्या काचा थरथरल्या. इनॉक एकटा हसत नव्हता. चांगला कान चांगल्या कामासाठी राखावा म्हणून त्याने वादाकडे बहिरा कान केला होता.

तेवढ्यात दारातून एक सायकल सरळ आत आली. सायकलीवर मिस हेस्टर पॉलफ्री होत्या: जोसायांच्या कन्या, वय वर्षे एकाहत्तर, ट्वीडचा झगा, पायांत गमबूट. कंपनीत त्यांचा आता जेमतेम एका मताचा वाटा उरला होता. पण कंपनीचा सगळा इतिहास त्यांच्या डोक्यात होता आणि त्यात वाटेकरी कुणी नव्हता.

"मिस हेस्टर, तुम्हीच निवाडा करा," दोन्ही पक्ष एकदम ओरडले. "तुमचे वडील काय म्हणायचे?"

मिस हेस्टरनी दोन्ही मडगार्डांवरून हात फिरवला. "बाबांच्या पहिल्या गाडीत स्टिअरिंग मधोमध होतं," त्या म्हणाल्या. "ते मनाला येईल त्या बाजूनं चढायचे आणि गाडीच्या मनाला येईल त्या बाजूनं पडायचे. इनॉक, उजवं मडगार्ड किती दिवसांत होईल?"

"सहा, मिस हेस्टर. दोघं मिळून बसले तर चार-पाच. पण दोघं मिळून बसायचे म्हणजे..."

"आणि आहेत किती?"

"दोन."

"मग माझ्याकडं असा बघू नकोस. जा, तोंड धुऊन ये. भुतासारखा दिसतोयस."

इनॉक मोरीकडे गेला. त्याने नळ सोडला, तोंडावर पाणी मारले आणि भिंतीवरच्या फुटक्या आरशात पाहिले. आरशातून मागचे उघडे दार दिसत होते. दारापलीकडे बाकावर क्लेमचे मडगार्ड उभे होते. इनॉकने डोळे पुसले. मग पुन्हा पाहिले. आरशातले मडगार्ड उजवे होते. दिव्यापासून निघून, चाकावरून उसळी घेऊन, जिथे यायला हवे अगदी तिथेच ते येऊन विसावत होते. इनॉकच्या घशातून प्रथम उचकी आली, मग हसू. आणि तो मोरीत एकटाच इतका हसला की वाद थांबवून सगळे तिथे गोळा झाले.

"गेला," एक गादीवाला हळहळला. "एकतीस वर्षं काढली बिचाऱ्यानं."

"आरसा!" इनॉक ओरडला. "पुरुषभर उंचीचा आरसा कुणाकडं आहे?"

"माझ्या आईच्या कपाटाला आहे," मिस हेस्टर म्हणाल्या. "कशाला?"

इनॉकने सांगितले. क्लेमचे मडगार्ड आरशासमोर उभे करायचे. नमुना साक्षात समोर राहील. उजव्या मडगार्डाचे तुकडे आज आणि उद्या कापून, ओबडधोबड वाकवून, एकमेकांना जोडून घ्यायचे. आणि परवा गाडी, आरसा, वाळूची पिशवी आणि दोन्ही कारागीर असे सगळे बिऱ्हाड लंडनला न्यायचे. उरलेले काम तिथे, लोकांसमोर, प्रदर्शनाच्या मधोमध.

"अर्धी गाडी न्यायची?" एमॉसचा चेहरा आणखी लांब झाला. "गॅफर, मालक आपल्याला कस्टर्डात बुडवतील."

मिस हेस्टर फळ्यापाशी गेल्या, चष्मा लावून त्यांनी तो कागद वाचला आणि परत आल्या. "गाडी हजर असावी असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पूर्ण कपड्यांत असावी असं कुठं लिहिलंय?"

बुधवारी सकाळी दहाला दहा मिनिटे कमी असताना पॉलफ्री कंपनीची गाडी आपल्या जागी हजर होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, आत मधाच्या रंगाचे चामडे, डावे अंग असे की पाहणाऱ्याने टोपी काढावी; आणि उजव्या अंगाला चाक, सळया नि नळ्या साऱ्या जगासमोर उघड्या. शेजारी शिसवी चौकटीचा, कोपऱ्यांत देवदूत कोरलेला आरसा. आरशासमोर एक अनाथ डावे मडगार्ड. आणि वाळूच्या पिशवीवर उकडलेल्या कोबीच्या पानासारखे दिसणारे काहीतरी, ज्याला इनॉक मोठ्या धैर्याने उजवे मडगार्ड म्हणत होता. दहाचे ठोके पडले. क्लेमने आरशात पाहिले, हातोडी उचलली आणि पहिला घाव घातला.

त्या भव्य दालनात गालिचे होते, फुलांच्या कुंड्या होत्या, मंद स्वरात वाद्यवृंद वाजत होता. ठक्, ठक्, ठक्. वाद्यवृंद अडखळला. समोरच्या थोर कंपनीच्या स्टँडवर शँपेन ओतणाऱ्या माणसाने थोडी शँपेन एका उमरावाच्या बाहीत ओतली. पाच मिनिटांत कोटाला रेशमी फीत लावलेला एक अधिकारी धावत आला.

"स्टँडवर यंत्र चालवायला सक्त बंदी आहे! नियम अकरा!"

"यंत्र कुठं आहे, साहेब?" इनॉकने विचारले.

"हे काय, आवाज करतंय ते!"

"ते यंत्र नाही, साहेब. तो क्लेम आहे."

अधिकाऱ्याने नियमावली काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. क्लेमविषयी तिच्यात काहीही नव्हते. तोपर्यंत भोवती साठ माणसे जमली होती, आणि त्यांतल्या एका बाईंनी अधिकाऱ्याला छत्रीने बाजूला सारले, कारण त्यांना आरसा दिसत नव्हता.

अकरा वाजता लिओनर्ड गॉसेज आले. लहान चणीचे, नेटके, घाईतले गृहस्थ; गर्दी पाहून प्रथम खुलले आणि गर्दीतून वाट काढून पुढे येताच त्यांच्याच मालाच्या रंगाचे झाले.

"ट्रँटर! माझ्या गाडीचा एक हात कुठं आहे?"

"बनतोय, सर." आणि इनॉकने सगळे सांगितले: घोडा, फलंदाज, अलीकडचे, पलीकडचे. त्यातला एक शब्दही त्याने गाळला नाही, आणि चिठ्ठी आपल्याच अक्षरातली होती हेही.

गॉसेज ऐकत राहिले. "म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "चौतीस मोठ्या माणसांना डावं आणि उजवं कळत नाही."

"डावं-उजवं कळतं, सर. अलीकडं-पलीकडं कठीण आहे."

"यंत्राला या अडचणी येत नाहीत, ट्रँटर. हाच माझा मुद्दा होता. पण तुम्ही हजर राहिलात हे खरं. शनिवारी बारा वाजता वर्तमानपत्रांचे लोक येणार आहेत. तोवर ते कोबीचं पान गाडीवर बसलं, तर पुढचं बोलू. एक सूतभर फट दिसली, तर सोमवारी मी बर्मिंगहॅमच्या करारावर सही करतो. स्वच्छ कळलं?"

"कळलं, सर."

गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. शुक्रवारी लोक सँडविचची पुडकी आणि घडीच्या खुर्च्या घेऊन आले. कहाणी तोवर दालनभर पसरली होती, आणि लंडनचे लोक ॲशकोम्बच्या लोकांपेक्षा शहाणे नसल्यामुळे त्यांच्यातही लगेच दोन पक्ष पडले. घोडे पाळणाऱ्या एका विधवा बाईंनी एमॉसचे दोन्ही हात हातात घेऊन त्याला धीर दिला. एका गावच्या पाद्र्याने, जो स्वतः डावखुरा गोलंदाज होता, क्लेमची बाजू घेऊन वीस मिनिटे असे प्रवचन केले की दोन माणसांनी टोप्या फिरवून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. मग ओहायोहून आलेला एक उंच, आनंदी अमेरिकन पुढे सरसावला.

"माफ करा, पण तुमच्याकडं अलीकडची बाजू म्हणजे फुटपाथाची ना?"

"तेच म्हणतोय मी!" एमॉस.

"पण आमच्याकडं फुटपाथ उजवीकडं असतो. म्हणजे गाडी जहाजावर असताना, समुद्राच्या मधोमध, अलीकडची बाजू पलीकडं जाते का?"

क्लेमने हातोडी खाली ठेवली. भर गर्दीत, नऊ आठवड्यांनंतर प्रथमच, दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांनाही एकच भीती वाटलेली दिसली.

"मिस्टर हॅकेट," क्लेम म्हणाला, "याला घालवा."

"घालवतो. तू ठोक."

अमेरिकन गेला नाही. उलट त्याने इनॉकला बाजूला घेऊन विचारले की, ही गाडी, हाच आरसा आणि हीच दोन माणसे असे सगळे मिळून केवढ्याला पडेल. इनॉकने त्याला माणसे विक्रीस नसल्याचे सांगितले. तेव्हा निदान गाडी तरी आपल्या नावाने राखून ठेवा, असे तो म्हणाला. मात्र मडगार्डाच्या आतल्या अंगावर दोघांच्याही सह्या हव्यात.

त्या घडीपासून एमॉस पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरू लागला आणि क्लेम बाहेरून हातोडी मारू लागला. इनॉक चांगला कान त्यांच्याकडे करून उभा असे. संवाद ऐकण्यासारखा होता.

"वर."

"घेतलं वर."

"अजून जरा. मी बाद नव्हतो."

"होतास. पाय स्टंपांपुढं होता. मार आता."

"चेंडू लेगच्या बाहेर जात होता."

"लेगची बाजू कुठली ते तुला कळतं का मुळात? बघ, आरशात बघ, फुगवटा राहिलाय इथं."

"तो फुगवटा तुमच्या डोळ्यांत आहे."

"बोटानं बघ मग."

क्लेमने बोटाने पाहिले. फुगवटा होता. त्याने हलकेच तीन घाव घातले, पुन्हा बोट फिरवले, आणि पत्र्याकडेच पाहत म्हणाला, "तुमची नजर चांगली आहे हो, हॅकेट. दूरचं मात्र दिसत नाही."

"बावीस यार्ड म्हणजे दूर?"

शनिवारचे पावणेबारा वाजले. आरशासमोरचे मडगार्ड आणि पिशवीवरचे मडगार्ड आता एकमेकांना पाहत होते, आणि कोण कुणाचे प्रतिबिंब आहे हे सांगणे कठीण होते. दोघांनी ते उचलले. इनॉकने बोल्ट घातले. तीनशे माणसांनी श्वास रोखला. समोरच्या थोर कंपनीचे विक्रेतेसुद्धा आपल्या गाडीच्या टपावर हात टेकून टाचा उंचावून उभे राहिले. शेवटचा बोल्ट आवळला गेला, तेव्हा पत्र्याने बारीकसा आवाज केला: दार हलकेच लागावे तसा.

इनॉकने खिशातून पोस्टकार्ड काढले आणि मडगार्ड व दार यांच्या मधल्या रेषेवर टेकवले. कार्ड आत जाईना. त्याने मिस हेस्टरकडे पाहिले. त्या सकाळच्या आगगाडीने आल्या होत्या, पायांत गमबूट तसेच. त्यांनी आपल्या पाकिटातले प्रार्थनामंदिराचे पातळ पत्रक काढून दिले. तेही आत जाईना. मग मात्र जो गोंगाट झाला त्याने वाद्यवृंदाने वाजवणेच सोडून दिले. विधवा बाईंनी पाद्र्याला मिठी मारली, आणि फीतवाला अधिकारी नियमावली डोक्यावर धरून नाचताना तीन साक्षीदारांनी पाहिला.

बाराच्या ठोक्याला गॉसेज आले. मागोमाग वर्तमानपत्रवाले, सात कॅमेरे. गॉसेजनी वाकून ती रेषा पाहिली. डावीकडे जाऊन पाहिली, उजवीकडे येऊन पाहिली. हिरव्या गाडीला एकच रंग न दिलेले रुपेरी मडगार्ड. त्यावर हातोडीचे घाव मोजता येत नव्हते, पण प्रकाश पडला की कळत होते की, हे कुणीतरी केले आहे.

"हं," ते म्हणाले. इनॉकला त्या 'हं'चा अर्थ लागेना.

"साहेब, एक फोटो! गाडीत बसून, स्टिअरिंगवर हात ठेवून!" फोटोवाले ओरडले.

"अवश्य," गॉसेज म्हणाले. ते धंद्यात मुरलेले आणि कॅमेऱ्याला सरावलेले गृहस्थ होते. ऐटीत चालत ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले, झोकात दार उघडले, मधाच्या रंगाच्या चामड्यावर बसले, हनुवटी वर केली, कॅमेऱ्यांकडे पाहून मंद स्मित केले आणि स्टिअरिंग धरण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

तिथे स्टिअरिंग नव्हते.

त्यांचे हात हवेत गोल धरलेले तसेच राहिले. सातही कॅमेरे चमकले. हसावे की नाही, हे तीनशे माणसांतल्या कुणालाच ठरवता येईना. गॉसेजनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले. मग डावीकडे, हातभर अंतरावर बसलेल्या स्टिअरिंगकडे पाहिले. त्यांचे कान लाल झाले. मग गाल थरथरू लागले. आणि मग त्या नेटक्या, घाईतल्या माणसाच्या आतून कुठून तरी असे खदखदून हसू फुटले की त्यांची टोपी मागच्या आसनावर जाऊन पडली. सारे दालन त्यांच्यामागोमाग फुटले. क्लेम एमॉसच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होता. एमॉसचा चेहरा आयुष्यात प्रथमच आडवा रुंद झाला होता.

इनॉक मात्र दाराशी ताठ उभा होता. चांगला कान मालकाकडे.

गॉसेजनी डोळे पुसले, टोपी घेतली आणि ते खाली उतरले.

"ट्रँटर."

"सर."

"मी कुठल्या बाजूनं चढलो?"

इनॉकने एमॉसकडे पाहिले. एमॉसने क्लेमकडे पाहिले. क्लेमने खांदे उडवले.

"त्यावर मतभेद आहेत, सर," इनॉक म्हणाला.

गॉसेजनी मान डोलावली. खिशातून बर्मिंगहॅमच्या कराराचा लांब, घडी केलेला कागद काढला, तो उभा फाडला, मग आडवा फाडला आणि तुकडे इनॉकच्या हातात दिले.

"पत्रे ॲशकोम्बलाच ठोकायचे," ते म्हणाले. "आणि चिठ्ठीवर डावं-उजवं लिहीत चला."